उपाशी कोळसा कुंडीत घालू नका

कारखान्यांची धुराडी पेटली आणि ऊसतोड सुरू झाली की कराडजवळच्या मलकापुरात संध्याकाळी काळं काही तरी आभाळातून उतरायला लागतं. तुटलेल्या रानात पाचट पेटवतात, त्याची ही जळकी पाती. बोटभर लांब, पिसासारखी हलकी. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात आणि आमच्या रोपवाटिकेतल्या पांढऱ्या शेवंतीवरही. पुसायला गेलं की पाकळीवर डाग पसरतो, म्हणून नुसती फुंकर घालायची. आठ वर्षांपूर्वी अशीच एकेका फुलावर फुंकर घालत बसले होते. एक पातं तळहातावर घेतलं, तर त्याच्या शिरासुद्धा जशाच्या तशा होत्या. पान गेलं होतं, पानाचा सांगाडा तेवढा कोळसा होऊन राहिला होता.

त्याच नोव्हेंबरात कराडच्या कृषी प्रदर्शनात ‘बायोचार’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. शब्द नवा असला तरी वस्तू जुनीच. काडीकचरा, लाकूड, करवंट्या, बुरकुंडं असं काहीही हवा कोंडून चारशे ते सहाशे अंशांपर्यंत तापवलं की धूर आणि वायू निघून जातात आणि मागे राहतो तो कोळसा. चुलीत घालण्यासाठी केला तर तो जळण, मातीत घालण्यासाठी केला तर बायोचार. आम्ही रोपवाटिकेत त्याला कोळसाच म्हणतो.

ढेबेवाडी फाट्यापासून आत आमची लहानशी रोपवाटिका आहे. गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती, अबोली, अनंत, हंगामात पेटुनिया आणि झेंडू. आठ वर्षांत या सगळ्यांना कोळसा घालून पाहिला. काही झाडं त्यावर खुलली, काही माझ्या हातून गेली. गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांनी तीच झाडं पुन्हा घालवू नयेत, म्हणून हे लिहून ठेवते.

१. कोळसा हे खत नाही

पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. ज्येष्ठात शेवंतीच्या काश्या लावायच्या होत्या. कुंड्या चाळीस. वीस कुंड्यांत नेहमीचं मिश्रण भरलं: पोयटा, शेणखत, थोडं कोकोपीट. उरलेल्या वीसमध्ये त्याच मिश्रणात चौथा हिस्सा ताजा, कोरडा कोळसा मिसळला. काळंभोर, भुसभुशीत, हाताला हलकं असं ते मिश्रण पाहूनच मला वाटलं होतं की यंदा दिवाळीला फुलांचा खच पडणार.

तीन आठवड्यांनी कोळशाच्या कुंड्यांतली खालची पानं पिवळी पडायला लागली. आधी टोकाकडून, मग सगळंच पान फिक्कं. साध्या कुंड्यांतल्या काश्या वीतभर वर आल्या, पहिला शेंडा खुडायला आल्या, आणि या मात्र लावल्या तेवढ्याच राहिल्या. मुळं कुजलीत की काय म्हणून एक उपटून पाहिली. मुळं पांढरी, ठणठणीत होती. रोग काहीच नव्हता. झाड उपाशी होतं.

मामंजींची अख्खी उमर उसात आणि गुऱ्हाळात गेली. त्यांनी कुंडीतला कोळशाचा खडा उचलून जिभेला लावला. तो जिभेला चिकटला. म्हणाले, “सूनबाई, कोरं गाडगं पाण्यात बुडवलं की आधी गाडगंच पाणी पितंय. तुमचा कोळसा बी तसलाच हाय.”

पुढे वाचून, विचारून जे कळलं ते याहून वेगळं नव्हतं. कोळसा आतून सगळा पोकळ, बारीक छिद्रांचा असतो. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती उलगडल्या तर शंभर-दोनशे चौरस मीटर जागा भरते. ही जागा रिकामी असताना तो कुंडीत गेला की शेणखतातला नत्र आधी स्वतःकडे ओढून घेतो. त्यात कोळसा कच्चा असेल, तर त्यावर जे जिवाणू वाढतात तेही आपला वाटा मातीतूनच उचलतात. झाडाला उरत नाही. बागेच्या जमिनीत मुळं लांब जाऊन दुसरीकडून अन्न शोधतात. कुंडीतल्या झाडाला दुसरीकडे जायलाच जागा नसते, म्हणून ही चूक कुंडीत जास्त महागात पडते.

त्या वीस कुंड्यांना पंधरा दिवसांच्या अंतराने शेणकाला घालत राहिले. श्रावणात झाडं सावरली, पण फुलं दिवाळी उलटल्यावर आली, आणि दिवाळी उलटलेल्या शेवंतीला आमच्याकडे गिऱ्हाईक नसतं.

२. आधी मुरवा, मग घाला

लोणच्याची फोड ज्या दिवशी घातली त्याच दिवशी कोणी वाढत नाही. कोळशाचंही तेच आहे. माझ्या आठ वर्षांच्या खटपटीतलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोरडा ताजा कोळसा पाण्यात टाकून पाहा. तो तरंगतो. हाताने दाबला तरी बुडबुडे सोडत पुन्हा वर येतो. पिंपात गोणी भरून कोळसा टाकला आणि वर दगड ठेवला, तरी दुसऱ्या दिवशी अर्धा वरच असतो. साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेक खडे तळाशी जातात. जो बुडला तो आतून ओला झाला, आणि ओल्या छिद्रातच पुढे अन्न शिरतं. ही पहिली पायरी टाळली तर वर कितीही खत ओता, ते खड्यावरून ओघळून जातं.

बुडलेला कोळसा निथळून घ्यायचा. मग सावलीत, जमिनीवर गोणपाट अंथरून ढीग करायचा: कोळसा तीन घमेली, कुजलेलं शेणखत तीन घमेली, गांडूळखत एक घमेलं आणि एक तांब्या निंबोळी पेंड. कालवताना वरून जीवामृत शिंपडायचं. जीवामृताचं माप शेतकऱ्यांना पाठ असतं: २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गच्चीवरच्या माणसाने बादलीच्या हिशोबाने ते कमी करावं. मुठीत घट्ट दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये, एवढी ओल पुरे. वर ओलं पोतं टाकून ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा खाली-वर करायचं.

उन्हाळ्यात चार आठवडे, थंडीत सहा. झाला की नाही हे वासावरून कळतं. पहिल्या आठवड्यात शेणाचा आणि पेंडीचा वास नाकात जातो. मुरत आला की पहिल्या वळवानंतर रानातून येतो तसा वास येतो. खड्यांवर पांढरे बारीक धागे दिसतात, गांडुळं ढिगात शिरतात. एक खडा फोडून पाहा. ताजा कोळसा आतून कोरडा, चकचकीत दिसतो. मुरलेला आतपर्यंत ओला आणि मंद काळा असतो. कोळशाच्या ढिगात गांडूळ स्वतःहून आलं, म्हणजे तो कुंडीत घालायला झाला असं मी धरते.

घाई असेल त्यांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम घेऊन त्यात भिजलेला कोळसा आठवडाभर ठेवावा. अन्न भरतं. पण जिवाणू येत नाहीत, आणि फरक मला दुसऱ्या बहराला दिसतो.

३. काळा तो कोळसा, करडी ती राख

एके वर्षी दिवाळीच्या मागण्या मोठ्या होत्या आणि घरचा कोळसा संपला. एका विक्रेत्याकडून छापील पिशव्या मागवल्या. वर बायोचार लिहिलेलं. उघडल्यावर माल करडा दिसला. घाई होती, मी तसाच वापरला. दहा दिवसांत पेटुनियाची रोपं पानांच्या कडेने करपली. मागाहून ओल्या हातावर तो चुरा चोळला तेव्हा हात साबण लावल्यासारखा बुळबुळीत झाला. पिशवीत निम्म्याहून जास्त राख होती.

तेव्हापासून कोणताही कोळसा चार तऱ्हांनी बघते. रंग काळा हवा. करडा किंवा पांढुरका असेल तर हवा जास्त लागून तो जळाला आहे. खडा फरशीवर टाकला की काचेसारखा किणकिणला पाहिजे, धप्प आवाज आला तर आत कच्चं लाकूड आहे. बोटांवर चोळून साध्या पाण्याने हात धुवा. चांगला कोळसा पाण्याने निघून जातो, कच्च्याचा डांबरासारखा चिकट थर राहतो. आणि वास. चांगल्या कोळशाला जवळजवळ वासच नसतो. धुराचा उग्र दर्प येत असेल तर तो कुंडीत नको.

इस्त्रीवाल्याकडचा उरलासुरला माल आणून घालणारे पुष्कळ जण भेटतात. त्याच्या पोत्यातला लोणारी कोळसा चांगला असतो, फोडून मुरवून खुशाल वापरा. पण इस्त्रीतून झाडून काढलेली ती राख. एखाद्या चिमटीला हरकत नाही, तिने कुंडी भरू नका. भाजणीसाठी मिळणाऱ्या कांड्यांना चिकटवण्यासाठी काही ना काही घातलेलं असतं, त्याही टाळा.

४. घरी करायचा तर पांढऱ्या थरावर डोळा ठेवा

मागच्या अंगाला आम्ही अडीच फूट खोल, वर रुंद आणि तळाला निमुळता असा खड्डा काढला आहे. तळाशी वाळक्या काटक्यांचा जाळ करायचा. तो धडधडला की वर तुरकाट्यांचा, छाटलेल्या फांद्यांचा किंवा बुरकुंडांचा पातळ थर टाकायचा. वरचा जाळ सगळी हवा खाऊन टाकतो, त्यामुळे खालचं जळून राख होत नाही, कोळसा होऊन थांबतं. थर पेटला, त्याच्यावर पांढरी राखेची साय धरायला लागली, की लगेच पुढचा थर. उशीर केला तर राख होते, घाई केली तर धूर होतो. खड्डा भरला की पाणी ओतून पूर्ण विझवायचं. वरून विझलेला दिसतो आणि आत निखारा राहतो, म्हणून फावड्याने हलवून पुन्हा पाणी.

पाचट नुसतं टाकलं तर भुर्रकन जळून उडून जातं. त्याच्या मनगटाएवढ्या घट्ट मोळ्या बांधल्या तरच कोळसा हाती लागतो. काडी पूर्ण वाळलेली हवी, वारं पडलेलं हवं, पाण्याचा पाइप हाताशी हवा. रंगवलेलं लाकूड, प्लायवुड आणि प्लॅस्टिक खड्ड्याच्या जवळही आणायचं नाही. वाळक्या मालाच्या वजनाच्या चौथाईच्या आसपास कोळसा मिळतो. गच्चीवर मात्र हा उद्योग करू नका, शेजारणीचा जीव धुराने घाबरा होतो.

५. खडा हरभऱ्याएवढा, आणि फोडताना ओला

पूड करू नका. पूड कुंडीत खाली बसते, भोकं बुजवते आणि पाणी तुंबतं. तांदळाच्या कणीपासून हरभऱ्यापर्यंतचे खडे ठेवावेत. आम्ही ओला कोळसा पोत्यात भरून मोगरीने बडवतो आणि वाळूच्या चाळणीने चाळतो. कोरडा कधीच फोडायचा नाही. एकदा फोडला तेव्हा दोन दिवस नाकातून काळं येत होतं, आणि आत्याबाईंचा दमा उसळला. तोंडाला फडकं बांधा, लहान मुलांना लांब ठेवा.

६. दहा घमेल्यांना एक

माझं माप एवढंच आहे. मिश्रणाच्या दहा घमेल्यांत मुरलेला कोळसा एक घमेलं. दहा इंची कुंडीला साधारण लिटरभर. गुलाबाला आणि मोगऱ्याला दीडपट घातला तरी चालतो. दहाला दोनच्या वर मी कशालाच जात नाही. जास्त घातला तर जास्त फुलं येतात, हा समज मी माझ्या कुंड्यांवर तपासून पाहिला आणि सोडून दिला.

आमच्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीला मात्र त्याचा खरा उपयोग आहे. ही माती शेतात सोनं असली तरी कुंडीत गेली की ओली असताना चिखल आणि सुकली की वीट होते, कुंडीच्या कडेने बोटभर फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. कोळशाच्या खड्यांनी ती माती मोकळी राहते. कोकोपीटही हे काम करतं, पण ते दक्षिणेकडून विटा होऊन येतं, क्षारांसाठी धुवावं लागतं आणि वर्षा-दोन वर्षांत कुजून बसतं. कोळसा बसत नाही. अर्धं कोकोपीट कमी करून त्या जागी कोळसा, एवढा बदल आम्ही कायमचा केला आहे. गच्चीवर कुंड्यांचं वजनही आटोक्यात राहतं.

७. अनंताला विचारल्याशिवाय घालू नका

रोपवाटिकेच्या दारात अनंताचं एक झाड मोठ्या कुंडीत होतं. वैशाखात संध्याकाळी गेट उघडलं की वासानेच गिऱ्हाईक थबकायचं. कुंडी बदलायला झाली, तेव्हा लाडाचं झाड म्हणून त्याला मुरलेला कोळसा सढळ हाताने घातला. पावसाळा संपता संपता नवी पानं पिवळी यायला लागली. शेवंतीची जुनी पानं पिवळी झाली होती, इथे नवी. आणि पिवळ्या पानात शिरा तेवढ्या हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या.

हे लोह कमी पडल्याचं लक्षण. कुंडीत लोह होतं, पण झाडाला ते उचलता येत नव्हतं. लाकडाच्या कोळशाचा सामू बहुधा ८ ते १० च्या घरात असतो. अनंताला ५ ते ६ च्या आसपासची आंबट माती लागते. आमच्या बोअरचं पाणी मुळातच कठीण, कुंड्यांच्या बाहेर पांढरे ओघळ उठतात. त्यात कोळशाची भर पडली. कोळसा मुरवल्याने सामू थोडा खाली येतो, पण अनंताला पुरेल एवढा येत नाही.

मी झाड उपटून मुळं धुतली, लाल माती, पानकुजी आणि कोकोपीट यात पुन्हा लावलं, आणि हिराकस लिटरला २ ग्रॅम घेऊन पंधरा दिवसांनी एकेक असं तीनदा दिलं. पुढच्या वैशाखापर्यंत पानं हिरवी झाली. कळ्या मात्र त्या वर्षी नऊच लागल्या. त्याआधी मोजता येत नसत.

अनंत, एक्झोरा, हायड्रेंजिया यांना कोळसा घालू नका. जास्वंदीला घालायचा तर दहाला अर्धं घमेलं, आणि पाणी पावसाचं किंवा नळाचं. औषधांच्या दुकानात सामू मोजायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. कोळशाच्या प्रत्येक नव्या घाण्याच्या पाण्यात एक पट्टी बुडवून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांनी माझा अनंत वाचला असता.

८. पाणी कमी करा

मलकापुरात नळाला मीटर आहे आणि पाणी चोवीस तास. या योजनेचं नाव राज्यभर झालं. पाणी हवं तेव्हा मिळत असल्यामुळे आपल्याकडे झाडं तहानेने फार मरत नाहीत, मरतात ती पाण्यात बसून. कोळशाच्या कुंडीत हा धोका वाढतो. वरची माती कोरडी दिसते आणि खाली खड्यांनी ओल धरून ठेवलेली असते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा, ओल लागली तर पाणी नको. आमच्या मोगऱ्याच्या कुंड्यांना एप्रिलमध्ये रोज पाणी लागायचं, आता एक दिवसाआड पुरतं. मोगऱ्याला बहरापूर्वी ताण द्यावा लागतो, तेव्हा कोळशाच्या कुंडीला हा ताण चार-पाच दिवस जास्त द्यावा लागतो, हे ध्यानात ठेवा. मला ते उशिरा कळलं आणि एक बहर लांबला.

९. जे झाड कुंडीत राहणार, त्यालाच

झेंडूला घालू नका. पेटुनियाला नको. तीन-चार महिन्यांच्या पाहुण्याला कोळशाचा लाभ मिळेपर्यंत त्याचा मुक्काम संपतो. गुलाब, मोगरा, जाई, कृष्णकमळ, वर्षानुवर्षं कुंडीत राहणारी अबोली, यांना घाला. गुलाबाला पहिल्या वर्षी मला काहीच फरक दिसला नव्हता. दुसऱ्या वर्षी छाटणीनंतर फुटवे एकदम आले आणि पावसाळ्यात पानगळ कमी झाली. कोळशाने फूल मोठं होतं किंवा रंग गडद येतो असं मी कोणालाही सांगत नाही, कारण माझ्याकडे तसं झालेलं नाही. मावा, काळे ठिपके, भुरी यांवरही तो औषध नाही.

झाडांना कोळसा घालणं तसं जुनंच आहे. ऑर्किडच्या कुंडीत कोळशाचे तुकडे आणि विटांचे खडे आपल्याकडे कितीतरी वर्षं घालतात. तिथे काम वेगळं, मुळांना धरायला आणि हवा खेळायला. पाटण खोऱ्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्यातही राखेबरोबर कोळसा मातीत जातोच. आणि थेट अमेझॉनच्या खोऱ्यात शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोळसा, हाडं, खापरं आणि खरकटं मातीत घालून केलेली काळी जमीन आजही तिच्या शेजारच्या पिवळट जमिनीपेक्षा सुपीक आहे. त्या काळ्या मातीत नुसता कोळसा नाही, त्याच्यासोबत खरकटं आहे. उपाशी कोळसा त्यांनीही घातला नव्हता.

१०. कुंडीवर खूण करा

कोळसा कुजत नाही. कुंडी बदलताना जुनी माती चाळून पुन्हा वापरली तर गेल्या वेळचा कोळसा तिच्यात तसाच असतो. दर वर्षी नेमाने दहाला एक घालत गेलात तर चौथ्या वर्षी कोळसा दहाला दोनच्या पुष्कळ वर जाईल. आम्ही कोळसा घातलेल्या कुंडीच्या काठावर पांढऱ्या रंगाचा टिपका देतो. टिपका असेल तर फक्त शेणखत.

११. पाचट कोणाचं घ्यावं

हे शेवटचं, आणि माझ्या मनात सगळ्यात आधीपासून असलेलं.

उसाच्या एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघतं. जनावरं ते खात नाहीत, म्हणून काडी ओढली जाते. आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटणला, या पाचटाचं काय करता येईल यावर मोठं काम झालेलं आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या १९९६ साली सुरू झालेल्या संस्थेने पाचटाचा कोळसा करायची भट्टी बसवली, त्या कोळशाच्या चुऱ्यापासून चुलीसाठी कांडी कोळसा केला, आणि त्याबद्दल २००२ साली संस्थेला ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांना स्वयंपाकघरातला धूर घालवायचा होता. माझा हेतू कुंडीपुरता आहे, पण पाचटाकडे कचरा म्हणून न बघण्याची दृष्टी मी तिथूनच घेतली.

तरीही कुंडीच्या कोळशासाठी पाचट गोळा करत सुटू नका. खोडवा राखणाऱ्या शेतकऱ्याने पाचट सरीतच ठेवावं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू, एवढं केलं की ते रानातच कुजतं, ओल धरतं, तण दाबतं. हे पाचटाचं पहिलं काम आहे आणि ते कोळशाहून मोठं आहे. मामंजींनी शेवटची दहा वर्षं आमच्या रानातलं पाचट पेटू दिलं नाही, आणि मी त्यातली एक मोळीही उचलली नाही.

पण ऊस मोडून दुसरं पीक घ्यायचं म्हणून कोणी पाचट पेटवणारच असेल, कापलेल्या तुरकाट्यांचा बांधावर ढीग पडला असेल, भातगिरणीमागे तूस जाळायला ठेवलं असेल, तर काडी ओढायच्या आधी तिथे जा आणि चार मोळ्या मागून आणा. आमच्या भागात आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही. फाल्गुनात केलेला कोळसा चैत्र-वैशाखात मुरतो, आणि ज्येष्ठात शेवंतीच्या काश्या लावायच्या वेळेला कुंडीत घालायला तयार असतो.